ऊर्जाधोरण शिकायला जाण्याआधी घरचं आणि कारखान्याचं वीजबिल शेजारी शेजारी ठेवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, तीन वर्षं चाकणच्या एका कारखान्यात युटिलिटी विभागात आहात. कंप्रेसर, बॉयलर, डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि महिन्याचं वीजबिल सांभाळणं हे तुमचं काम. घरी श्रीगोंद्याकडे वडिलांची ऊस-कांद्याची शेती. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने ऊर्जाधोरण आणि शाश्वत विकास या विषयातल्या एका वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश देऊ केलाय. राहण्याखाण्यासकट खर्च ४० लाख, आणि बँक कर्ज द्यायला तयार आहे. वडील विचारतायत की हे शिकून तू नक्की काम काय करणार, आणि त्यांना समजेल असं उत्तर तुम्हाला देता येत नाहीये. म्हणून तुम्ही विचारताय: जावं, की इथेच काही करावं?

मला वाटतं यातला खरा प्रश्न वडिलांचा आहे. त्याचं उत्तर सापडलं की जायचं की नाही हे ठरवणं सोपं होईल. म्हणून मी आधी त्या उत्तराकडे जातो.

माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी बावीस वर्षं वीजक्षेत्रात आहे. सुरुवातीला वितरणाचं काम केलं, मग वीजदराच्या याचिका (दर ठरवणाऱ्या नियामक आयोगापुढचे अर्ज) तयार केल्या, आणि गेली बरीच वर्षं ग्राहकांच्या बाजूने त्याच याचिका तपासतो. नोकरी करताना बाहेरून अर्थशास्त्रात एमए केलं. परदेशी पदवी माझ्याकडे नाही, पण ती घेऊन आलेल्या अनेकांसोबत काम केलंय आणि काहींना कामावरही घेतलंय.

काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही. घरावर आधीचं कर्ज आहे का, धाकट्या भावंडांची शिक्षणं व्हायची आहेत का, तुम्हाला परत यायचंय की तिकडेच राहायचंय, हे तुम्हालाच ठाऊक. यातली एक जरी गोष्ट बदलली तरी माझा सल्ला बदलेल.

आता तुमच्याच लिहिण्यातल्या दोन ओळी घेतो. एका ठिकाणी तुम्ही म्हणता, ‘रात्रीची पाळी असली की वडील अजूनही विहिरीवर जातात, बिबट्याच्या भीतीने आई जागी राहते.’ पुढे वेगळ्याच परिच्छेदात लिहिता, ‘कारखान्यात ग्रुप कॅप्टिव्ह सोलरचा प्रस्ताव आलाय, त्याची आकडेवारी मी करतोय.’ (ग्रुप कॅप्टिव्ह म्हणजे काही ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी उभारलेला वीजप्रकल्प.) पहिली ओळ घरची अडचण म्हणून आली आणि दुसरी कामाचा अनुभव म्हणून. माझ्या दृष्टीने या दोन्ही ओळी एकाच विषयाच्या आहेत, आणि तोच तुम्हाला शिकायचाय.

कारखान्याचं बिल समोर घ्या. मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, टीओडीची (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराची) बेरीज-वजाबाकी, वीज शुल्क. क्रॉस सबसिडी नावाची ओळ त्यात सापडणार नाही, कारण ती दरातच मुरलेली असते. एक युनिट ग्राहकापर्यंत पोचवायला वीजकंपनीला सरासरी जेवढा खर्च येतो, त्याहून जास्त दर उद्योग आणि दुकानदार देतात, आणि त्या जास्तीच्या पैशातून शेतीचा आणि गरीब घरांचा दर खाली ठेवला जातो. २०१६ चं राष्ट्रीय वीजदर धोरण सांगतं की हे दर सरासरी खर्चाच्या २० टक्के वर किंवा खाली, एवढ्या पट्ट्यात यावेत. प्रत्यक्षात शेतीचा दर त्या पट्ट्याच्या खालीच राहत आलाय.

आता वडिलांची मोटार. अनेक पंपांना मीटरच नाही, बिल एचपीवर, म्हणजे मोटारीच्या ताकदीवर. एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल राज्य सरकार भरतं. योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. वीज कायदा २००३ चं कलम ६५ सांगतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे कंपनीला आगाऊ द्यावेत. म्हणजे वडिलांच्या मोटारीचा खर्च दोन वाटांनी भरला जातो: एक तिजोरीतून, दुसरी तुमच्या कारखान्याच्या बिलातून. तुम्ही चाकणमध्ये जे बिल मंजुरीला पाठवता, त्यातला एक हिस्सा श्रीगोंद्याच्या विहिरीवर पोचतो.

आणि तुमचा ग्रुप कॅप्टिव्हचा प्रस्ताव? नियम असा की वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल ठेवायचं आणि किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची. तेवढं पाळलं की क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे वीजकंपनीऐवजी बाहेरून वीज घेणाऱ्याकडून त्या हिश्श्यापोटी घेतला जाणारा आकार, लागत नाही. कारखान्याची बचत होते ती सूर्यामुळे होतेच, पण तिचा मोठा भाग हा अधिभार टळल्यामुळे असतो. मग तुम्ही जो हिस्सा देत होतात तो कोण देणार? भोसरीतला चार लेथ मशिनवाला देईल, ज्याला कॅप्टिव्ह परवडत नाही. किंवा महिन्याला ३०० युनिटच्या वर जाणारं घर देईल. किंवा तिजोरी देईल, म्हणजे शाळा-दवाखान्याच्या पैशातून. किंवा कुणीच देणार नाही, आणि कंपनी डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) दुरुस्त करायला महिनाभर लावेल.

तुम्ही करताय ती आकडेवारी कारखान्यापुरती अगदी बरोबर आहे. धोरणाचा अभ्यास सुरू होतो तो ‘मग उरलेलं कोण भरणार’ इथून. वडिलांना सांगायचं तर असं सांगता येईल: “वीज स्वच्छ आणि दिवसा मिळावी, तिचा खर्च कुणी किती भरायचा आणि ते कुणी ठरवायचं, याचा हिशेब मांडणारी माणसं लागतात. मला ते काम शिकायचंय.” त्यांना हे नक्की समजेल. पाण्याच्या पाळ्या कुणी ठरवायच्या यावरून गावात काय होतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

हे काम टेबलावर बसून अर्धंच शिकता येतं, हे मला एका उपकेंद्रावर कळलं. २०११ चा उन्हाळा होता. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी शेतीच्या वीजवापराचा अंदाज तपासत होतो. मीटर नसलेल्या पंपांचा वापर काढायचा तर पंपाची ताकद गुणिले तास, एवढंच गणित. आमच्या फाइलीत वीजपुरवठ्याचे तास हेच पंप चालल्याचे तास धरले होते. मीही ते तसेच पुढे नेले होते. ३३/११ केव्ही उपकेंद्रावर रात्रपाळीचा ऑपरेटर होता, त्याच्या टेबलावर लॉगशीट. दर तासाला तो फिडरचे, म्हणजे उपकेंद्रावरून निघणाऱ्या वीजवाहिनीचे, अँपिअर लिहायचा. रात्री साडेअकराला मोटारींना लागणारी थ्री फेज वीज सुरू झाली आणि काटा एकदम १४० वर गेला, कारण जवळजवळ प्रत्येक मोटारीला ऑटो (आपोआप चालू करणारा स्टार्टर) लावलेला. लाइट आली की सगळ्या एकदम उठतात. डीपी जळतात त्या याच क्षणी. मी पंपांच्या नोंदीशी ताडून पाहिलं तर भार नोंदीपेक्षा बराच जास्त. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, कागदावर पाचची आहे, विहिरीत साडेसातची टाकलीय.” मग दीड वाजला, आणि अँपिअर ६० वर आले. मला वाटलं कुठे तरी फॉल्ट झालाय. तो शांतपणे म्हणाला, “विहिरी उपसल्या. आता उरलेल्या रात्री एवढंच राहणार.”

आठ तास पुरवठा होता आणि बहुतेक मोटारी दोन तास चालल्या होत्या. आमच्या कागदावर त्या आठही तास चालत होत्या.

यात केवढी रक्कम दडते ते स्वतः करून पाहा. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. वर्षाला १,६०० तास धरले तर जवळपास ५,९७० युनिट, १,२०० तास धरले तर ४,४८० च्या आसपास. फरक दीड हजार युनिटचा. फिडरवर असे ४०० पंप असतील तर जवळजवळ ६ लाख युनिट. ही वीज शेतकऱ्याच्या नावावर लिहिली गेली, पण ती शेतात गेलीच नाही. ती गळतीत किंवा चोरीत गेली. शेतीचा वापर फुगवला की गळती आपोआप कमी दिसते, सवलतीची रक्कम वाढते, आणि ‘शेतकरी फुकट वीज खातो’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसतं. माझे वडीलही शेतकरी होते. त्या रात्री त्या खोलीत बसून मला फार वाईट वाटलं होतं, आणि तेव्हापासून कुठलाही आकडा हातात आला की तो कुणी आणि कसा मोजला हे मी पहिल्यांदा विचारतो.

आता यावरचा उपाय म्हणून जे चाललंय ते घ्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीच्या फिडरजवळ छोटे सौर प्रकल्प उभे करायचे, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. सौर वीज मिळते युनिटला साधारण तीन रुपयांना. मी शिकवतो त्या वर्गातली बहुतेक मुलं इथे एक चूक करतात. ती तीन रुपयांची तुलना कंपनीच्या सरासरी पुरवठा खर्चाशी करतात, जो त्याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि प्रचंड बचत दाखवतात. पण पुरवठा खर्चात तारा, उपकेंद्रं, पगार, कर्जाचं व्याज सगळं येतं, आणि सौर प्रकल्प आला म्हणून ते खर्च जात नाहीत. तुलना वीजखरेदीच्या खर्चाशी करायची, आणि तीही त्या वेळेच्या. दुपारी एकला वीज तशीही स्वस्त असते. संध्याकाळी सातला महाग. २०२३ मध्ये केंद्राने नियमच केला की सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी हवा. तुमच्या कारखान्याच्या टीओडीत ते दिसतं.

मला ही योजना मनापासून हवी आहे. रात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला लागू नये, यापेक्षा मोठं कारण मला लागत नाही. पण दिवसा, भरपूर आणि फुकट वीज मिळाली की श्रीगोंद्यासारख्या भागात जमिनीखालच्या पाण्याचं काय होईल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. आज रात्रीची पाळी आणि जळणाऱ्या डीपी हाच उपशावरचा लगाम आहे, कितीही क्रूर असला तरी. तो काढायचा तर त्याच्या जागी दुसरं काही ठेवावं लागेल: ठिबक, पीकपद्धत, फिडरवर ठरावीक कोटा, किंवा वाचवलेल्या युनिटचे पैसे शेतकऱ्याला देणं. ‘शाश्वत विकास’ हा शब्द तुमच्या पदवीच्या नावात आहे, त्याचा अर्थ मला इथे दिसतो. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि दोन्हींना जागा करून द्यावी लागते. राजस्थानात माळढोकांच्या प्रदेशातून सौर आणि पवन प्रकल्पांच्या तारा गेल्या, पक्षी तारांना धडकून मरू लागले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचे निर्देश दिले, आणि मार्च २०२४ मध्ये ते बदलून तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही मान्य केला. एकाच निकालपत्रात दोन्ही बाजूंची तगमग आहे. तो जरूर वाचा.

आता पदवीकडे येतो. वरचा सगळा गुंता सोडवायला काय लागतं? थोडं अर्थशास्त्र: सरासरी खर्च आणि सीमांत खर्च (एक युनिट जादा द्यायला येणारा खर्च) यातला फरक रक्तात भिनलेला हवा. कायदा वाचता यायला हवा, म्हणजे कलम, नियम, विनियम आणि आदेश यांची उतरंड कळायला हवी. ताळेबंद वाचता यायला हवा. ग्रिड कसं चालतं याची जाण हवी, ती तुम्हाला इंजिनिअर म्हणून मिळालेलीच आहे. आणि साध्या मराठीत नि साध्या इंग्रजीत दोन पानं लिहिता यायला हवीत. शेवटचं सगळ्यांत दुर्मीळ आहे, असा माझा अनुभव.

तुम्हाला आलेल्या प्रवेशाचा अभ्यासक्रम या कसोटीवर लावा. त्यात सक्तीचं अर्थशास्त्र आहे का, नियमनाचा स्वतंत्र विषय आहे का, प्रबंधासाठी भारतातला विषय घेऊ देतात का, शिकवणाऱ्यांपैकी कुणी विकसनशील देशांतल्या वीजव्यवस्थेवर काम केलंय का. आधीच्या दोन-तीन भारतीय विद्यार्थ्यांना शोधून विचारा की पदवीनंतर तिसऱ्या वर्षी तुम्ही काय करत होतात. पहिल्या नोकरीबद्दल विचारू नका, ती कुठलीही मिळते. अभ्यासक्रम सगळा ‘संक्रमण’, ‘नेतृत्व’, ‘दृष्टिकोन’ अशाच शब्दांनी भरलेला असेल आणि कुठे एक स्प्रेडशीट उघडावी लागणार नसेल, तर ४० लाख देऊ नका. हे मी ठामपणे सांगतो. जगाला धोरणावर बोलणारे पुष्कळ मिळालेत, दराचा तक्ता उलगडून दाखवणारे फार थोडे आहेत.

चांगली ठिकाणं बाहेर आहेत, यात शंका नाही. ससेक्स विद्यापीठातलं विज्ञानधोरण संशोधन केंद्र १९६६ पासून हे काम करतंय. बर्कलीचा एनर्जी अँड रिसोर्सेस ग्रुप १९७३ चा आहे. तिथे अभियांत्रिकी, अर्थशास्त्र आणि परिसरशास्त्र एकाच छताखाली शिकवायची परंपरा आहे. डेल्फ्टला इंजिनिअरांसाठीच बेतलेले धोरण-विश्लेषणाचे अभ्यासक्रम आहेत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्याचा खर्च सगळीकडेच आहे, पण आकडा ४० लाखांच्या बराच खाली येतो. बाहेर गेल्याने दुसऱ्या देशाने हाच प्रश्न कसा हाताळला ते जवळून दिसतं, आणि आपल्याकडची व्यवस्था ही एकमेव शक्य व्यवस्था नाही हे मनात पक्कं होतं. हा फायदा मी कमी लेखत नाही.

पण हप्त्याचं गणित घाला. ४० लाख, ११ टक्के व्याज, १० वर्षं: महिन्याला ५५ हजारांच्या आसपास. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात गेलं तर आणखी जास्त. आपल्याकडे या क्षेत्रात संशोधनसंस्था आणि स्वयंसेवी संस्था सुरुवातीला जे पगार देतात, त्यातून हा हप्ता भरून पुण्यात घरभाडं देणं जड जातं. मग होतं असं की माणूस कर्जापायी सल्लागार कंपनीत जातो, पाच वर्षं दुसऱ्यांची सादरीकरणं करतो, आणि ज्या प्रश्नासाठी शिकायला गेला होता तो मागे पडतो. सल्लागार कंपनी वाईट असते असं नाही, मी स्वतः तिथे खूप शिकलो. पण तुमच्या लिहिण्यात वडिलांची रात्रीची पाळी पहिल्या परिच्छेदात आलीय. तुम्हाला कुठे काम करायचंय याचा थोडा अंदाज त्यावरून येतो.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर विद्यापीठाला विचारलं असतं: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का? आणि ते वर्ष शिष्यवृत्तीच्या अर्जांना दिलं असतं. चेव्हनिंग शिष्यवृत्ती इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाचा पूर्ण खर्च करते, दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते (तुमच्याकडे तीन आहेत), आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं अशी अट घालते. तुम्हाला परतायचंच असेल तर ही अट जाचत नाही. कॉमनवेल्थ आणि इरॅस्मस मुंडुस या शिष्यवृत्त्याही बघा. जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जशिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार वेगवेगळ्या आहेत, तुम्ही कशात बसता ते समाजकल्याण कार्यालयात एकदा जाऊन विचारा. अशा अर्जात ‘मला हवामानबदलासाठी काहीतरी करायचंय’ असं सगळेच लिहितात. श्रीगोंद्याची मोटार आणि चाकणचं बिल यांचा धागा लिहिणारा तुमच्याशिवाय कुणी नसेल.

इथलेही पर्याय आहेत. आयआयटी मुंबईत ऊर्जाविज्ञान विभाग आहे, सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ केंद्र आहे, जिथे गावात राहून काम करण्याचा काळ अभ्यासक्रमातच आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामानबदल आणि शाश्वततेचा अभ्यासक्रम आहे. दिल्लीला टेरी या ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्थेचं विद्यापीठ आहे. पुण्यात गोखले संस्था अर्थशास्त्रासाठी १९३० पासून आहे, आणि पुणे विद्यापीठात ऊर्जा अभ्यासाचा विभाग आहे. शुल्क आणि प्रवेशपरीक्षा दरवर्षी बदलतात, त्या थेट संस्थेकडून तपासा. तुमच्यासारख्या इंजिनिअरला मी बहुतेकदा अर्थशास्त्र किंवा सार्वजनिक धोरण घ्यायला सांगतो. ऊर्जेतलं आणखी एक एमटेक केलंत तर जे येतं तेच आणखी थोडं येईल.

कामं कुठे मिळतात, तेही सांगतो, कारण वडिलांना त्याचीच काळजी आहे. वीजकंपन्यांचे आणि सौर-पवन प्रकल्पवाल्यांचे नियामक विभाग, मोठ्या उद्योगांचे वीजखरेदी विभाग, सल्लागार कंपन्या, नियामक आयोगांचे तांत्रिक सल्लागार, आणि संशोधनसंस्था. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीने शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केलाय. युरोपचं कार्बन सीमाशुल्क (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार) जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झालं, त्यामुळे पोलाद-ॲल्युमिनियम निर्यात करणाऱ्यांना आपल्या मालाचा कार्बन मोजणारी माणसं लागतायत. हे शेवटचं काम पगाराला बरं आहे, आणि कारखान्याच्या युटिलिटीतून आलेल्या माणसाला तिथे थेट किंमत आहे.

पुण्यातल्या, वीजधोरणाचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रयास’ गटाचा उल्लेख वेगळा करतो, कारण महाराष्ट्रात हा विषय सामान्य माणसांच्या हातात आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्याच्या वीज मंडळाने दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी करार केला. दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे. प्रयासचे गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो करार ओळीने वाचून त्याचा हिशेब लोकांपुढे ठेवला. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, कारण ती परवडेना. राजकीय भाषणं तेव्हा दोन्ही बाजूंनी खूप झाली. मला आजही उपयोगी पडतात ते त्या हिशेबाचे तक्ते.

पदवी कुठलीही घ्या, पुढच्या सहा महिन्यांत नोकरी न सोडता करण्यासारखं बरंच आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर महावितरणचे दर आदेश आहेत. शेकडो पानांचे असतात, घाबरू नका. आधी विक्रीचा अंदाज, मग वीजखरेदी, मग वर्गवार दरांचे तक्ते, एवढंच वाचा. आठवड्याला वीस पानं. न कळलेला प्रत्येक शब्द वहीत लिहा. पुढची दरयाचिका आली की जाहीर सुनावणीला जा. पुण्यातही ती होते, कुणीही नागरिक लेखी हरकत देऊन बोलू शकतो, मराठीत सुद्धा. तिथे यंत्रमागवाले, शेतकरी नेते, उद्योगांचे वकील, निवृत्त इंजिनिअर असे सगळे एका सभागृहात एकाच आकड्यावर बोलताना ऐकाल. हे दोन दिवस तुम्हाला आवडले तर तुम्ही या कामासाठी आहात. कंटाळा आला तरी काही बिघडलं नाही, ४० लाख न घालवता कळलं.

आणि बातम्या वाचताना स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत गल्लत करू नका. २०२५ च्या मध्याला देशाच्या क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूशिवायच्या स्रोतांचा झाला, हे खरं. पण सौर पॅनेल रात्री झोपतं, म्हणून वर्षभरात तयार होणाऱ्या विजेत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. मुलाखतीला आलेल्यांना मी हा एक प्रश्न हमखास विचारतो.

सुरुवात मात्र घरून करा. पुढच्या वेळी गावी गेलात की लाइनमनला विचारा, आपला फिडर कोणता आणि कुठल्या उपकेंद्रावरून येतो. उपकेंद्रावर जाऊन ऑपरेटरला नीट ओळख सांगून एका आठवड्याचे तासागणिक अँपिअर उतरवून घ्यायला परवानगी मागा, बहुतेक जण देतात. वडिलांना वहीत मोटार चालू-बंद केल्याच्या वेळा लिहायला सांगा. मग तीन आकडे शेजारी ठेवा: पुरवठ्याचे तास, मोटार चालल्याचे तास, आणि आयोगाच्या आदेशात दर एचपीमागे धरलेला वापर. तिन्ही आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत ते दोन पानांत लिहा आणि मला पाठवा. मी तपासून देतो, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला तेच जोडा.